केशपाताची कैफियत



ज्या वैद्यकव्यवसायी सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावरून आजवर क्षय, हिवताप, मधुमेह अशा दुर्धर व्याधींचा ऊहापोह होत आलेला असता, ज्याने कोणाचा प्राण गेल्याचे ऐकिवात नाही असा केस गळण्याचा विषय मी निवडावा, हे काही श्रोत्यांना अंमळ पोरकट वाटले असल्यास त्यात नवल नाही. निमंत्रणपत्रिका वाचून एका स्नेह्यांनी तर "म्हणजे यंदा अध्यक्षांचीच सोय पाहिलेली दिसते" असा शेराही मारला, आणि अध्यक्षमहाराजांनी तो माझ्याआधी ऐकून मनमुराद हसून घेतले असल्यामुळेच मी तो येथे उद्धृत करण्याचे धारिष्ट करीत आहे. तथापि त्वचारोगांच्या दवाखान्यात ज्याने उमेदीची वर्षे घालवली त्याला इतके निश्चित सांगता येते की, या तक्रारीइतकी सार्वत्रिक, इतकी जिव्हारी लागणारी, आणि जिच्यापायी गोरगरिबांचासुद्धा इतका पैसा अस्थानी खर्ची पडतो अशी दुसरी तक्रार सापडणे कठीण.

मला जे सांगावयाचे आहे ते आरंभीच सांगून टाकतो. केस गळणे हा स्वयंभू रोग क्वचितच असतो. शरीरात, किंवा शरीराबाहेरच्या व्यवहारात, आधी घडून गेलेल्या एखाद्या गोष्टीची ती मागाहून पोहोचलेली वर्दी असते. आणि वर्दी कशाची आहे याचा तपास न करता डोक्यावर तेल ओतीत बसणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला प्रकार होय.

प्रथम केसाचा आयुष्यक्रम पाहू. मनुष्याच्या मस्तकावर सुमारे १ लक्ष केस असतात, आणि त्यांतील प्रत्येक केस शेजारच्या केसाशी सल्लामसलत न करता आपल्या स्वतंत्र वेळापत्रकाने वाढतो व पडतो. त्याच्या वाढीचा काळ २ ते ६ वर्षांचा असून त्या अवधीत तो महिन्याकाठी सुमारे १ सेंटिमीटर लांब होतो. त्यानंतर २ ते ३ आठवड्यांचा संक्रमणकाळ, आणि मग सुमारे ३ महिन्यांची विश्रांती, जिच्या अखेरीस त्याच छिद्रातून नवा केस वर येऊ लागतो आणि जुना सुटून पडतो. एखादीचे केस कमरेखाली पोहोचतात आणि दुसरीचे खांद्यावरच थबकतात, यात तेलाचे कर्तृत्व थोडे आणि वाढीच्या काळाची उपजत मुदत अधिक असते. कोणत्याही दिवशी शंभरांपैकी ८५ ते ९० केस वाढीच्या अवस्थेत व बहुतेक उरलेले विश्रांतीत असल्यामुळे, रोज ५० ते १०० केस गळणे हा प्रकृतीच्या हिशेबात धरलेलाच खर्च आहे. फणीत केस दिसला की ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता शरीरावर एखादा जबर आघात झाला, म्हणजे विषमज्वर, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, किंवा लग्नाआधी महिन्याभरात दहा किलो उतरवण्याच्या हट्टापायी केलेली उपासमार असे काही घडले, तर वाढीत असलेले पुष्कळसे केस एकदमच विश्रांतीत जातात. परंतु ते त्या दिवशी पडत नाहीत. विश्रांतीची मुदत संपल्यावर, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी, ते पडतात. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या केशपाताला नाव देऊन त्याची उपपत्ती मांडली. दोन-तीन महिन्यांच्या या अंतरामुळेच सारा घोटाळा होतो, कारण ताप विसरला गेलेला असतो आणि दोष कालपरवा बदललेल्या साबणावर, नव्या गावच्या पाण्यावर किंवा सुनेच्या जागरणांवर येतो. २०२० आणि २०२१ च्या साथीनंतर करोनातून उठलेली माणसे अशीच आमच्याकडे आली, आणि "तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते?" या एका प्रश्नाने त्यांपैकी बहुतेकांचे निदान होऊन गेले.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येणारी तरुण आई आम्हा लोकांच्या नित्य परिचयाची. कडेवर मूल, पाठीशी सासू किंवा आई, आणि पिशवीत वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी, ती टेबलावर उलगडून, आतल्या पुंजक्यातला एक केस चिमटीत धरून ती म्हणते, "डॉक्टर, मुळासकट येतायत हो, हे बघा ना पांढरं." केसाच्या टोकाशी मोहरीहूनही बारीक असा पांढरा गड्डा खरोखरच असतो. पण ते मूळ नव्हे. मूळ त्वचेत जागच्या जागी शाबूत असते, आणि तो पांढरा गड्डा केस आपली मुदत पुरी करून पडल्याची खूण असते. गरोदरपणातील संप्रेरकांनी जे केस मुदतीपलीकडे थोपवून धरले होते ते प्रसूतीनंतर एकदम मोकळे होतात, एवढाच त्याचा अर्थ. मग मी त्या मुलीच्या कानशिलाजवळचे पन्नास-साठ केस अंगठा व दोन बोटांत धरून हलक्या हाताने ओढून पाहतो. सहाहून अधिक केस हाती आले तर गळती चालू आहे असे समजावे, आणि कपाळाच्या कडेला नव्या केसांची आखूड, ताठ झालर दिसू लागली असेल तर गळती ओसरू लागली आहे असे समजावे. ती झालर तिला आरशात दाखवली की निम्मे औषध झाले. उरलेले निम्मे म्हणजे पोटभर जेवण, लोहाच्या गोळ्या आणि सहा महिने ते वर्षभराची सबुरी.

मात्र हीच गळती सहा महिन्यांच्या पुढे रेंगाळली तर शरीरात काहीतरी चालूच आहे असे धरून चालावे लागते. त्यात अग्रमान लोहाच्या न्यूनतेचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आणि सर्वांची पाने उठल्यावर उरल्यासुरल्यावर जेवणाऱ्या गृहिणीच्या घरात याचे निराळे स्पष्टीकरण शोधण्याची गरज नाही. हिमोग्लोबिन बरे दिसले तरी लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी अशा वेळी करून घ्यावी. दुसरे कारण थायरॉइड ग्रंथीचे मांद्य. केस रुक्ष होतात, भुवयांची बाहेरची टोके विरळ होतात, वजन वाढते, आणि रोगी मात्र केवळ केसांची तक्रार घेऊन येतो. तिसरे कारण चालू असलेली औषधे. अपस्माराची, रक्त पातळ करणारी, मुरुमांवरची काही औषधे केसांवर परिणाम करतात, म्हणून दवाखान्यात जाताना औषधांची पाकिटे बरोबर न्यावी. ती परस्पर बंद मात्र करू नयेत.

यानंतर येते ते पुरुषांचे टक्कल, ज्याला आघात नको, उपासमार नको, वय आणि वंश एवढे पुरे. पौरुषसंप्रेरकाशी त्याचा संबंध आहे अशी शंका ग्रीकांपासून होती, परंतु त्याची सिद्धता अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली केली. तारुण्यापूर्वीच अंडग्रंथींचे कार्य नष्ट झालेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही असे त्यांना आढळले. त्यांना ते संप्रेरक बाहेरून देताच ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस हटू लागले, आणि इतरांचे हटले नाहीत. म्हणजे संप्रेरक हवे आणि वारसाही हवा. तो वारसा केवळ आईच्या वडिलांकडून येतो हा समज अर्धवट खरा आहे. एक महत्त्वाचा जनुक मातेकडून येतो, परंतु इतर अनेक जनुके दोन्ही घराण्यांची असतात, तेव्हा आजोळास सर्वस्वी जबाबदार धरण्याचे कारण नाही.

पुढचा दुवा जुळला तो कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकात. तेथील काही खेड्यांत जन्मतः मुली समजून वाढवलेली मुले तारुण्यात पुरुष होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅक्गिन्ली यांनी १९७४ साली दाखवून दिले की, पौरुषसंप्रेरकाचे अधिक प्रखर रूप करणारे एक विकर त्यांच्या शरीरात उणे आहे. या पुरुषांची पुरःस्थ ग्रंथी आयुष्यभर लहान राही आणि कपाळावरचे केस मागे हटत नसत. तेच विकर औषधाने रोखावे, या कल्पनेतून फिनास्टेराइड जन्माला आले. अमेरिकेत ते १९९२ साली पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीसाठी आणि १९९७ साली, १ मिलिग्रॅमच्या मात्रेत, टकलासाठी मान्य झाले. दुसरे औषध मिनॉक्सिडिल, हे तर अपघातानेच हाती लागले. १९७९ साली ते रक्तदाबाची गोळी म्हणून अमेरिकेत विक्रीस आले, आणि ती घेणाऱ्यांच्या कपाळावर व गालांवर केस उगवू लागले. तेव्हा त्याच द्रव्याचे डोक्यास लावण्याचे द्रावण करून १९८८ मध्ये त्यास परवाना मिळाला.

या दोहोंची कैफियत स्पष्टपणे सांगितली पाहिजे. टकलातील केसाचे मूळ मरत नाही. प्रत्येक फेऱ्यात ते लहान होत जाते आणि अखेर लव तेवढी उगवते. म्हणून औषध जितके लवकर, तितके फळ अधिक, आणि वीस वर्षे चकाकणाऱ्या माथ्यावर त्याचा प्रभाव जवळजवळ शून्य. मिनॉक्सिडिलने पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढते, फरक दिसण्यास चार ते सहा महिने लागतात, आणि लावणे थांबवले की मिळवलेले केस जातात. फिनास्टेराइड काही पुरुषांच्या कामेच्छेवर परिणाम करते, आणि गर्भवतीस ते सर्वथा वर्ज्य. सबब शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ते घेऊ नये. डोक्याच्या पाठीमागील केस या संप्रेरकाला दाद देत नाहीत, आणि पुढे नेऊन लावले तरी आपला तो गुण सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. आजचे सारे केशरोपण त्याच तत्त्वावर उभे आहे. ती शस्त्रक्रिया आहे, केशकर्तनालयाच्या माडीवर उरकण्याचे काम नव्हे. आणि ज्यास यांतले काहीच करावयाचे नाही, त्याने डोके तुळतुळीत ठेवून मजेत हिंडावे. त्यास वैद्यकाची हरकत नाही. स्त्रियांत हेच टक्कल भांग रुंद होत जाण्याच्या रूपाने दिसते. त्याच्या जोडीला मासिक पाळी अनियमित आणि चेहऱ्यावर लव असेल तर बीजकोषांची तपासणी करून घेणे अगत्याचे.

काही प्रकार थोडक्यात सांगून पुढे जातो. चाई, जिला सुश्रुताने इंद्रलुप्त म्हणून क्षुद्ररोगांत गणले, तिचा नाण्याएवढा गुळगुळीत चकदळा एका रात्रीत दिसू लागतो. तेथे केस खाणारी अळी असते हा समज निराधार असून, शरीराचे संरक्षकदलच केसाच्या मुळावर उलटलेले असते. एखाद-दुसरी चाई बहुधा वर्षभरात आपोआप भरते, त्वचेत दिलेल्या स्टिरॉइडच्या सुईने लवकर भरते. व्यापक चाईसाठी बॅरिसिटिनिब हे औषध २०२२ साली अमेरिकेत मान्य झाले. लहान मुलाच्या डोक्यात खवले, खाज आणि तुटलेल्या केसांचे काळे ठिपके दिसले तर ते गजकर्ण. त्यास मलम पुरत नाही, पोटात औषध द्यावे लागते, आणि घरातील फण्या निराळ्या कराव्या लागतात. रोज घट्ट अंबाडा किंवा ताणून वेण्या बांधल्याने कपाळाच्या कडेचे केस जातात. सैल बांधणे हाच उपाय, आणि तो वेळीच. शेवटी, जेथे टाळू लाल, दुखरी किंवा व्रण पडल्यासारखी दिसते आणि केसांची छिद्रेच बुजलेली असतात, तेथे सबुरीचा सल्ला घातक होय. ते केस परत येत नाहीत. उरलेले वाचवण्यासाठी त्याच आठवड्यात तज्ज्ञ गाठावा.

येथवर मी एकेका माणसाच्या डोक्याविषयी बोललो. आता साऱ्या गावाच्या डोक्याविषयी बोलतो, कारण तो प्रसंग आपल्याच महाराष्ट्रात, अगदी अलीकडे घडला. डिसेंबर २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांच्या डोक्याला खाज सुटू लागली; मग हात लावला की केस हातात येऊ लागले, आणि तिसऱ्या दिवशी टक्कल. मुले, कॉलेजात जाणाऱ्या मुली, म्हातारी माणसे, कोणी सुटले नाही. वृत्तपत्रांनी दिलेला आकडा पुढे १८ गावांत २७९ वर गेला. 'टक्कल व्हायरस' हे नाव तेवढ्यात सर्वत्र झाले, आणि नाव झाले की शिवाशिवही आली. जुळलेल्या सोयरिकी अडल्या, मुलांनी शाळा-कॉलेज सोडून घरी बसणे पत्करले. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. साहजिकच पहिला संशय पाण्यावर आला, दुसरा बुरशीवर, तिसरा शांपूवर.

परंतु केस काही दिवसांत मूठमूठ जातात तेव्हा ती विश्रांतीतील केसांची संथ गळती नसते. वाढत्या केसावरच घाव पडलेला असतो, आणि तसा घाव घालणारी द्रव्ये मोजकी आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पथकाला रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेले आढळले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासाची दिशा पिठाच्या डब्याकडे वळवली. शिधावाटप दुकानातून मिळालेल्या, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हाची त्यांनी परीक्षा करविली. स्थानिक गव्हाच्या तुलनेत त्यात ६०० पट सेलेनियम असून, रुग्णांच्या रक्तात ते ३५ पट, मूत्रात ६० पट व केसांत १५० पट वाढले आहे, आणि जस्त मात्र घटले आहे, असा निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केला.

सेलेनियम हे मूलद्रव्य बर्झेलियस यांनी १८१७ साली शोधले. ते आपणांस हवे आहे, परंतु अत्यल्प. प्रौढास दिवसास ५५ मायक्रोग्रॅम पुरते, आणि ४०० च्या वर ते नित्य पोटात जाऊ लागले की अपाय संभवतो. रसायनदृष्ट्या ते गंधकाचे भावंड. केस आणि नखे ही गंधकयुक्त प्रथिनाची असल्यामुळे गंधकाच्या जागी ते जाऊन बसते आणि बांधणी ढिली होते. म्हणूनच एप्रिल २०२५ मध्ये त्याच परिसरातून नखे गळत असल्याच्या बातम्या आल्या तेव्हा जाणकारांना आश्चर्य वाटले नाही. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर व नवांशहर भागांत सेलेनियमयुक्त जमिनी असल्याचे मृदाशास्त्रज्ञांस पूर्वीपासून ठाऊक होते. चीनच्या हुपेई प्रांतातील एन्शी येथे तर १९६१ ते १९६४ या काळात भातपीक बुडाल्यामुळे लोक सेलेनियमयुक्त जमिनीतल्या मक्यावर व भाज्यांवर जगू लागले, आणि गावेच्या गावे केस व नखे गमावून बसली. शेगावकडील कित्येकांचे केस पुढे पुन्हा उगवले. कारण मूळ शाबूत होते, आणि विषाची आवक थांबली की ते आपले काम पुन्हा सुरू करते.

आता बाजाराकडे वळू. औषधविषयक १९४५ च्या नियमांतील अनुसूची 'जे' मध्ये, जे रोग बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधास करता येत नाही त्यांची यादी आहे, आणि तीत टक्कल तसेच नवे केस उगवणे ही दोन्ही कलमे नमूद आहेत. असे असता आपल्या शहरातील भिंती काय सांगतात ते आपण रोज वाचताच. नारळाच्या तेलाने केसाच्या काडीतील प्रथिनांची झीज कमी होते हे मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली दाखवले आहे, तेव्हा डोक्याला तेल लावणाऱ्या आजीबाईंना कोणी हसू नये. परंतु काडीचे रक्षण निराळे आणि मुळाचे पुनरुज्जीवन निराळे. मुंडन केल्याने केस दाट होत नाहीत. कापलेले टोक बोथट असते म्हणून ते राठ लागते. बायोटिनची उणीव विरळा, परंतु त्याच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. आणि केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत सेलेनियम असते! अमेरिकेत २००८ साली एका द्रवरूप पोषणपूरकात ते चुकून शेकडो पट पडले आणि २०१ जणांना विषबाधा झाली. त्यांच्या तक्रारींत केस गळणे अग्रभागी होते.

तेव्हा ज्याचे केस गळू लागले आहेत त्याने करावयाचे काय, ते क्रमाने सांगतो. टाळू दुखरी, लाल वा व्रणयुक्त असेल, किंवा मुलाच्या डोक्यात खवले असतील, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा. तसे नसेल तर तीन महिने मागे जाऊन ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार, नवे औषध यांची तारीख लावावी. ती सापडली तर आहार सुधारून सहा महिने थांबावे. न सापडल्यास, किंवा गळती थांबत नसल्यास, लोह व थायरॉइड तपासावे. कपाळ वा भांग हळूहळू रुंदावत असेल तर, उपचार करावयाचाच असल्यास, तो लवकर आणि सल्ल्यानेच करावा. यांतील एकाही पायरीवर भिंतीवरच्या जाहिरातीचे काम पडत नाही.

परंतु एकाच घरात, एकाच आळीत, अनेकांचे केस एकदम गेले तर ती व्यक्तीची तक्रार राहत नाही. ती सार्वजनिक फिर्याद होते, आणि तिचा जबाब धान्याच्या गोदामाने, पाण्याच्या टाकीने व त्यांवर अंमल चालवणाऱ्या खात्याने द्यावयास हवा. कोट्यवधी माणसांच्या ताटात सरकारी शिक्क्याचे धान्य पडते. त्याची ओल, किडे आणि खडे तपासले जातात, तसेच ज्या प्रदेशांतील जमिनी दूषित असल्याचे ज्ञात आहे तेथील धान्याचे सेलेनियमही तपासले जावे, आणि त्याचा अहवाल ग्रामपंचायतीस मागता यावा, ही मागणी आपण केली पाहिजे. शेगाव तालुक्यातील माणसांना पहिले काही आठवडे लोकांची कुचेष्टा सोसावी लागली, आणि त्यांच्या ताटातल्या गव्हाची चौकशी मागाहून झाली. पुढच्या गावाच्या वाट्याला हा क्रम उलटा यावा, एवढ्यासाठी मी आपला वेळ घेतला.